एक माणूस जास्त

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी ७.१०

नवी वही, नवं पेन. आजपासून रोज लिहायचं. निवृत्तीला ८६ दिवस राहिले. एकतीस वर्षं या कारागृहात नोंद अधिकारी म्हणून काढली आणि एक खाडाखोड नाही. (सुटलेल्याचं नाव लाल शाईने कापणं ही खाडाखोड नव्हे, ते काम आहे.) निष्कलंक सेवा पदकासाठी या वर्षी माझं नाव वर जाऊ शकतं, असं मोठे साहेब परवा म्हणाले. 'जाऊ शकतं' म्हणाले, पण चेहऱ्यावर 'गेलंच' दिसत होतं. मला माणसं वाचता येतात.

संकल्प: चहा बंद. रोज अर्धा तास चालणं. 'अचूक मोजणी: अनुभव आणि चिंतन' या माझ्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण महिनाअखेर पुरं.

नव्या आदेशाप्रमाणे कैद्याला 'निवासी' म्हणायचं, कोठडीला 'खोली' आणि शिक्षेला 'मुक्काम'. सुटकेला अजून शब्द आलेला नाही. मुख्यालयात विचार चालू आहे.

सकाळी ८.३०

आज एक सुटका. धुलाईघरातला इस्त्रीवाला. सरकारी कचेरीतलं भिंतीवरचं घड्याळ काढून नेलं म्हणून चार वर्षं. माझ्या कोटाची कॉलर त्याच्यासारखी कोणी बसवत नाही, त्यामुळे जरा वाईट वाटतं. त्याच्या सुटकेचा आदेश शनिवारी टपालाने आला. हरवू नये म्हणून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलाय. मूळ कागद, गोल शिक्क्यासकट, फाटकावर दाखवावा लागतो आणि तोही बाराच्या घंटेच्या आत. घंटा झाली की तो आदेश मेला.

माझी पद्धत अशी की सकाळी आल्या आल्या नाव कापायचं, पुढे 'सुटला, वेळ ११.३०' लिहायचं आणि मोकळं व्हायचं. बाकीचे आधी माणूस सोडतात, मग लिहितात. त्यात घोळ होतात. मी आधी लिहितो. आज कापलं. रजिस्टरवर ४११ उरले.

हवालदाराने चहा आणून ठेवला. आणलेला चहा परत पाठवणं बरं दिसत नाही. संकल्प उद्यापासून.

सकाळी ९.०५

चहा कोटावर सांडला. दुपारी मोठ्या साहेबांची फेरी आहे. हवालदाराला कोट घेऊन धुलाईघरात पिटाळलं. इस्त्रीवाल्याने निरोप पाठवला की आज शेवटचा दिवस, साहेबांचा कोट मीच धुणार, दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही. चांगला माणूस.

दुपारी १२.४०

खिशाची आठवण पावणेबाराला झाली. धावलो. (चालण्याचा आजचा अर्धा तास यात धरायला हरकत नाही.)

इस्त्रीवाला दारातच उभा होता. म्हणाला, साहेब, खिशात एक कागद होता, भिजला, पण मी वाळवून वरून हलकी इस्त्री फिरवलीय, बघा कसा सपाट झालाय. दोन्ही हातांनी पुढे केला. त्याला वाचता येत नाही. येत असतं तरी उपयोग नव्हता, कारण कागदावर काही उरलंच नव्हतं. शिक्क्याच्या जागी जांभळा डाग, बाकी कोरा. अजून गरम होता.

मग घंटा झाली.

मी त्याला सांगितलं की एक तांत्रिक बाब निघालीय, दोन दिवस लागतील. तो त्या डागाकडे बघत होता. मग म्हणाला, बरं साहेब. बाहेर बहीण बसली असेल, तिला तेवढं सांगा. मी म्हणालो, सांगतो.

दुपारी ३.३०

खरं सांगायचं ठरवूनच फाटकाकडे गेलो होतो. हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

ती बाहेरच्या बाकावर बसली होती. छत्र्या दुरुस्त करते, बोटांवर तारेचे ओरखडे. मांडीवर पिशवी, पिशवीत नवा शर्ट आणि चपला. उठून विचारलं की अजून कसा आला नाही. रजिस्टर माझ्या काखेतच होतं आणि मागून मोठ्या साहेबांची गाडी आत शिरत होती. मी रजिस्टर उघडून तिला ओळ दाखवली. सुटला, वेळ ११.३०.

ती म्हणाली, मी सातपासून इथंच बसलेय, पाणी प्यायलासुद्धा उठले नाही. मी म्हणालो, कधीकधी मागच्या दाराने सोडतात.

आम्हाला मागचं दार नाही. हे वाक्य तोंडातून कसं निघालं कळत नाही, पण हेतू तिला धीर देण्याचा होता. तिने त्या ओळीवरून बोट फिरवलं आणि पिशवी उचलून भिंतीच्या कडेकडेने मागचं दार शोधायला निघाली.

मंगळवार, ४ फेब्रुवारी. सकाळी ६.४५

सहाची मोजणी. रजिस्टरवर ४११, पटांगणात ४१२. हवालदार म्हणाला, साहेब, एक माणूस जास्त. मी म्हणालो, परत मोजा. परत मोजले. जास्तच.

मार्ग काढला. मोजणीच्या वेळी इस्त्रीवाल्याने रांगेत यायचं नाही, धुलाईघरातच थांबायचं. नियमाने पाहिलं तर तो आता निवासी नाहीच, मग त्याला मोजायचं कोणत्या कलमाखाली? परत मोजले. ४११. अशा वेळी अनुभव कामाला येतो.

मुख्यालयाला पत्र लिहून दुसरा आदेश मागवायचा आहे. मसुद्याला सुरुवात केली. 'सविनय सादर की सदर आदेश धुतला गेला.' वाचायला बरं वाटत नाही. 'द्रवसंपर्कामुळे अवाच्य झाला' जास्त भारदस्त आहे, पण खाली सही माझीच करावी लागणार. पदकाची यादी मार्चअखेर जाते. घाई करून एकतीस वर्षांचं मातेरं करण्यात अर्थ नाही. उद्या शांत डोक्याने लिहू.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

गुरुवार भेटीचा दिवस. ती आली. काकाकडे पाहून आली, जुन्या मालकाकडे पाहून आली, इस्पितळातही चौकशी केली. कुठेच नाही. माझ्याकडे अशी बघत होती की मला काहीतरी बोलणं भाग पडलं. म्हणालो, सुटलेले पुष्कळ लोक बंदराकडे जातात, जहाजांवर काम मिळतं. तिकडे पाहा.

तिचा चेहरा जरा उजळला. मला बरं वाटलं. माणसाला दिशा लागते.

ती गेल्यावर रजिस्टरचं ते पान पाहिलं. अक्षर सुरेख आलंय.

रविवार, ९ फेब्रुवारी. दुपार

जेवायला बसलो आणि सवयीने मोजलं. घरात आम्ही दोघं. मोजणी तीन आली. परत मोजलं. एक मी, एक ही, आणि एक. ही म्हणाली, अहो, तिसरं ताट कशाला मांडलंत, कोण येणार आहे? मी म्हणालो, चुकून. ही म्हणाली, तुम्ही आणि चुकून?

बायकोचा असा विश्वास फार थोड्यांच्या वाट्याला येतो. ताट उचलून ठेवलं. ठेवताना वाटी पडली. चहा सोडल्याचा परिणाम असावा, पण चहा अजून सोडलेला नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

इस्त्रीवाल्याचं जेवण हा प्रश्न होता. स्वयंपाकघराला आकडा मी कळवतो आणि मी नियमाने ४११ कळवतो. त्याला विचारलं की पोट भरतं का? म्हणाला, भरतं साहेब. कसं ते मी विचारलं नाही. काही गोष्टी न विचारण्यातच प्रशासन असतं.

त्याने एकच विचारलं. म्हणाला, साहेब, आधी माझी तारीख होती. रोज एक दिवस कमी करायचो. आता कुठून कमी करू?

मी म्हणालो, लवकरच. तो म्हणाला, बरं.

कोट परत आला. कॉलर नेहमीसारखी ताठ. पण सगळे खिसे उलटे करून बाहेर काढलेले. आतलं पांढरं अस्तर लोंबत होतं. घालण्याआधी एकेक खिसा आत ढकलला.

सोमवार, १७ फेब्रुवारी

आता सगळंच तसं येतं. कोट, पँट, शर्ट, खिसे बाहेर. हवालदाराला म्हटलं, त्याला सांग, हे बरं दिसत नाही. हवालदार म्हणाला, सांगितलं साहेब, तो म्हणतो, काही राहिलं नाही ना एवढंच बघतो.

कचेरीत बसून धुलाईघरातली इस्त्री ऐकू येते. धप, मग लांब फिरवल्याचा आवाज, मग धप. मध्ये दोन भिंती आणि एक पटांगण आहे. इतक्या लांबून ऐकू येणं शक्य नाही, हे मला कळतं. तरी मी मोजत बसतो.

पत्राचा मसुदा क्रमांक सहा. 'सविनय सादर की' पर्यंत पोचलो.

गुरुवार, २० फेब्रुवारी

ती आली. बंदराला चाललीय. खोली सोडली, अवजारं बांधली. तिथल्या एका छत्रीवाल्याने काम द्यायचं कबूल केलंय, म्हणजे पोट भरेल आणि भावाला शोधताही येईल. म्हणाली, तो कधी इकडे फिरकला तर एवढं द्या. चिठ्ठी होती. पत्ता: तिसऱ्या धक्क्यासमोर, छत्रीच्या दुकानावरची खोली. खाली लिहिलंय, 'मी इथं आहे. ये.' त्याला वाचता येत नाही, पण कोणाकडून तरी वाचून घेईल, ती म्हणाली.

त्या वेळी तो माझ्यापासून दीडशे पावलांवर चादरी वाळत घालत होता. पावलं मी नंतर मोजली.

सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात ती म्हणाली, साहेब, तुम्ही होतात म्हणून, नाहीतर इथं कोण कुणाला उभं करतं? असं म्हटल्यावर माणूस काय सांगणार?

चिठ्ठी खिशात ठेवली नाही. या वहीत ठेवली. माणूस अनुभवातून शिकतो तो असा.

सोमवार, ३ मार्च

एक महिना झाला. नवीच भानगड. निवाशांमध्ये बोलवा आहे की धुलाईघरात भूत आहे. एका नव्या निवाशाने म्हणे मोजणीच्या वेळी वाफेत कोणीतरी फिरताना पाहिलं. सगळे पटांगणात, सगळे मोजलेले, मग आत कोण? त्याने आरडाओरडा करून निवास डोक्यावर घेतला. प्रकरण मोठ्या साहेबांपर्यंत गेलं. त्यांनी चौकशी लावली.

चौकशी अधिकारी: मी.

मंगळवार, ४ मार्च. सकाळी ६.२०

मोजणी चालू असताना धुलाईघरात जाऊन प्रत्यक्ष पाहणी केली. वाफ पुष्कळ होती. इस्त्रीवाल्याने स्टूल पुढे ओढलं, फडक्याने पुसलं आणि म्हणाला, बसा साहेब. मी बसलो आणि मांडीवर कागद घेऊन अहवाल लिहिला: 'रजिस्टर तपासले. जागेची पाहणी केली. सदर ठिकाणी कोणीही आढळून आले नाही.' पेन चालेना. त्याने इस्त्रीजवळ धरून शाई सैल करून दिली. सही केली.

निघताना तो म्हणाला, लिहिलं का साहेब माझं? मी म्हणालो, हो, तुझंच लिहितोय.

बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं. लाज वाटली. इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो: खूप लाज वाटली. मग हवालदाराने चहा आणला.

शुक्रवार, १४ मार्च

आज सगळं सांगून टाकायचं ठरवलं. अंघोळ करून, पाठ ताठ करून मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. पाच वाक्यं पाठ केली होती. मी काही बोलायच्या आतच त्यांनी उभं राहून हात हातात घेतला. पदकाच्या यादीत नाव गेलं. म्हणाले, भुताच्या अहवालाने मुख्यालय खूश आहे, इतका नेमका अहवाल त्यांनी पाहिला नव्हता.

अशा वेळी पाच वाक्यं बोलणं म्हणजे साहेबांच्या आनंदावर विरजण घालणं. मी दोन दिवसांची रजा मागितली. मिळाली.

रजेत पुस्तकाचं पहिलं प्रकरण संपवायचं. (सुरू करून.)

रविवार, १६ मार्च

रजा. बसथांब्यावर पाच माणसं उभी होती. मोजणी सहा. फळवाल्याकडे तीन. मोजणी चार. हिला म्हटलं, तुला कधी एक माणूस जास्त वाटतो का? ही म्हणाली, तुम्ही दिवसभर घरी असलात की वाटतो.

हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो. मग कपाट उघडलं तर माझ्या शर्टांचे खिसे सरळ होते. घरचे कपडे ही धुते. तरीपण मी एकेक खिसा बाहेर काढून पाहिला. काही राहिलं नव्हतं.

मंगळवार, २५ मार्च. सकाळी ६.३०

मोजणी: रजिस्टरवर ४०९. पटांगणात ४०९. मग धुलाईघरात डोकावलो.

कोणी नाही. इस्त्री गार. स्टूल भिंतीला लावून ठेवलेलं.

म्हणजे आता खरोखर जुळलं. आनंद व्हायला हवा. माझी तर पाचावर धारण बसली.

बुधवार, २६ मार्च

पळाला असेल का? पळाला तर भोंगा वाजतो, वाजला नाही. आजारी? दवाखान्याच्या यादीत नाही. असणारच नाही, रजिस्टरवर नसलेल्या माणसाला यादीत घेतील कसे? पाण्याच्या हौदात वाकून पाहिलं. चादरींच्या ढिगामागे पाहिलं. तिथे जाऊन हाक मारायची होती, तेव्हा लक्षात आलं की त्याचं नाव मला आठवत नाही. मीच कापलं, मलाच आठवेना. रजिस्टर काढून पाहायचा धीर झाला नाही.

विचारायचं कोणाला? विचारलं की, साहेब, कोण इस्त्रीवाला, असं येणार. चौकशी अधिकाऱ्याने स्वतः लिहिलंय की तिथे कोणी नाही.

कोट परत आला. खिसे सरळ. कॉलर पडलेली. ते खिसे पाहून मला रडू आलं.

बुधवार, २ एप्रिल

आठवडाभर जेवण गेलं नाही. शेवटी हवालदाराला आडून विचारलं की हल्ली इस्त्री नीट होत नाही, काय कारण?

हवालदार म्हणाला, तो गेला ना साहेब, सोमवारी चोवीस तारखेला सुटला. मी खुर्चीचा हात धरला. कसा सुटला? म्हणाला, दुसऱ्या आदेशासाठी नमुना एकोणीस असतो, भरून पाठवला की चार दिवसांत येतो. वीस तारखेला पाठवला होता. तुमचीच सही आहे साहेब, ट्रेमधल्या कागदांत ठेवला होता, तुम्ही बाकीच्यांबरोबर केलीत.

चार दिवस. मी सात आठवडे 'सविनय सादर की' लिहीत बसलो होतो.

म्हणाला, तुम्ही स्वतःच कराल म्हणून थांबलो होतो. साहेबांच्या पुढे कसं जायचं? पण तुम्ही केलं नाहीत. मग म्हटलं, जाऊ दे. म्हणजे हवालदाराला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. स्वयंपाकघरातले रोज माझ्या आकड्यात एक मिळवून शिजवत होते. आणि इस्त्रीवाला? हवालदार म्हणाला, त्याला तर कागद वाळवतानाच कळलं साहेब, जांभळा गोल त्याने सुटणाऱ्या सगळ्यांच्या हातात पाहिलेला.

म्हणजे मला बरं साहेब म्हणाला तेव्हा त्याला माहीत होतं.

असो. एका दृष्टीने पाहता सुटका माझ्याच सहीने झाली. नमुना एकोणीसवर एक प्रकरण पुस्तकात घालता येईल. आज दोन कप चहा घेतला.

गुरुवार, ३ एप्रिल. रात्री ९.१५

सकाळी फाटकाशी पोचलो आणि बाकावर तो बसलेला. तिच्याच जागी. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. तो उठून उभा राहिला. म्हणाला, साहेब, घरी गेलो तर बहिणीच्या खोलीत दुसरंच बिऱ्हाड. शेजारी म्हणतात, तुला शोधायला गेली, कुठे ते माहीत नाही. म्हणून भेटीच्या दिवशी इथं बसतो, आली तर इथंच येईल. फाटकावरचे पहारेकरी दर महिन्याला बदलतात, त्यांना काही ठाऊक नाही. मग त्याने मला विचारलं, माझी चौकशी करायला कोणी आलं होतं का?

चिठ्ठी या वहीत होती. वही घरी होती. पण पत्ता मला पाठ होता. तिसऱ्या धक्क्यासमोर, छत्रीच्या दुकानावर.

मी म्हणालो, तशी नोंद नाही.

हे खरं आहे. जो रजिस्टरवर नाही, त्याला भेटायला आलेल्याची नोंद करत नाहीत. मी एक शब्द खोटा बोललो नाही. सगळं सांगायचं तर मागच्या दारापासून सुरुवात करावी लागली असती, आणि पदकाचा निकाल अजून लागायचा होता.

तो म्हणाला, बरं साहेब. मग माझ्या कॉलरकडे पाहिलं, पुढे झाला आणि तळहाताने दाबून ती सरळ केली.

दिवसभर मानेला त्याचा हात जाणवत होता.

गुरुवार, १० एप्रिल

चिठ्ठी निनावी पाठवावी असं सुचलं. पाकिटावर पत्ता काय घालायचा? 'बाक, कारागृहासमोर.' टपालखातं नेणार नाही.

तो होता. मी डबेवाल्याच्या गाडीच्या आडून आत शिरलो.

गुरुवार, १७ एप्रिल

आज वही बरोबर नेली. पिशवीत होती. तो बाकाच्या टोकाला बसला होता, शेजारी एका माणसाची जागा सोडून. मी समोरच्या बाजूने चार वेळा गेलो. (एकूण अर्धा तास चाललो. संकल्प पूर्ण.) मग गर्दी झाली. अशी गोष्ट गर्दीत सांगायची नसते.

निकाल लागला. पदक मिळालं.

आता काही अडचण नाही. पदक एकदा गळ्यात पडू दे, मग सगळं शांतपणे.

बुधवार, ३० एप्रिल. दुपारी ४

निरोप समारंभ. मोठे साहेब म्हणाले, एकतीस वर्षांत या माणसाच्या रजिस्टरमध्ये आणि पटांगणात एका माणसाचाही फरक पडला नाही. टाळ्या. हवालदारानेही वाजवल्या, माझ्याकडे न पाहता.

भाषण पाठ होतं, पण उभा राहिलो आणि सवयीने समोरच्या खुर्च्या मोजल्या. चाळीस. माणसं मोजली. एक्केचाळीस. परत मोजली. लोकांना वाटलं मला गहिवरून आलंय. ही पुढच्या रांगेत डोळे पुसत होती. मी 'सविनय सादर की' एवढंच म्हणून बसलो. त्यावरही टाळ्या पडल्या.

गुरुवार, ८ मे

निवृत्तीनंतरचा पहिला पूर्ण आठवडा. आता काही गमवायचं नाही. आज नक्की. बसमध्ये बसलो, फाटकाच्या आधीच्या थांब्यावर उतरलो. लांबून तो दिसला. बाजूची जागा अजून मोकळी ठेवलेली. एवढ्या महिन्यांनी चिठ्ठी काढून दिली तर तो काहीच बोलणार नाही. नुसतं 'बरं साहेब' म्हणेल. ते मला ऐकवणार नाही.

परत आलो. हिने विचारलं, कुठं गेला होतात? म्हटलं, चालायला.

गुरुवार, १५ मे

गुडघा.

गुरुवार, २२ मे. सकाळी ११

गेलो. सरळ फाटकापर्यंत गेलो, वही हातात घेऊन, चिठ्ठीच्या पानात बोट घालून. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

बाक रिकामा.

पहारेकऱ्याने ओळखलं. म्हणाला, तो गेल्या गुरुवारी शेवटचा आला. भेटीची वेळ संपेपर्यंत बसला. डोंगरापलीकडच्या गावात एका हॉटेलच्या धुलाईघरात काम मिळालंय, किती दिवस उपाशी बसणार? म्हणजे बंदराच्या बरोबर उलट्या दिशेला, मी मनात म्हटलं. आगगाडीने दोन दिवस. पहारेकरी पुढे म्हणाला, जाताना बहिणीसाठी चिठ्ठी ठेवून गेलाय, त्याने सांगितली आणि मी लिहिली. ती आली तर पहिल्यांदा नोंद साहेबांनाच विचारेल, म्हणून त्यांच्याकडे द्यायची. नवे साहेब अजून रुळले नाहीत, तुम्हीच ठेवा.

मी हात पुढे केला. पहारेकरी म्हणाला, आणि एक निरोप आहे. खिशात ठेवू नका म्हणावं.

दुपारी २.३०

ठेवलेली नाही. दोन्ही चिठ्ठ्या या पानात आहेत, एकमेकींना लावून. डावीकडे तिची: 'मी इथं आहे. ये.' उजवीकडे त्याची, पहारेकऱ्याच्या अक्षरात: 'मी इथं आहे. ये.' खाली दोन पत्ते. दोन्ही कोरड्या आहेत. शाई स्पष्ट आहे, चष्म्याशिवायही वाचता येते. हे दोन्ही पत्ते एकत्र असलेला कागद जगात फक्त माझ्याकडे आहे.

मोजून पाहिल्या. एक, दोन. परत मोजल्या. दोनच. बऱ्याच दिवसांनी मोजणी जुळली. कितीतरी वेळ पाहत बसलो. आज दुपारी छान झोप लागेल असं वाटतं.

तिला पत्र टाकायचं आहे. घरात पाकीट नाही. उद्या आणतो.